ड्रोनने पार्सल पोहोचवण्याची सेवा उभी करताना

१ डिसेंबर २०१३ रोजी ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत सांगितले, की आपल्याकडून जाणाऱ्या वस्तूंपैकी ८६ टक्के वस्तू पाच पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण २.३ किलोपेक्षा हलक्या असतात आणि चार-पाच वर्षांत त्या ड्रोनने घरी पोहोचू शकतील. प्रत्यक्षात इंग्लंडमधील केंब्रिजजवळ ग्राहकाच्या हाती पहिले पार्सल डिसेंबर २०१६ मध्ये पडले आणि अमेरिकेत दोन ठिकाणी सेवा सुरू व्हायला २०२२ ची अखेर उजाडली. दरम्यान झिपलाइन या कंपनीने ऑक्टोबर २०१६ पासून रवांडामध्ये दवाखान्यांना रक्ताच्या पिशव्या ड्रोनने पोहोचवायला सुरुवात केली आणि ते काम नित्याचे होऊन गेले. पैसा आणि मनुष्यबळ पहिल्या कंपनीकडे कितीतरी अधिक होते. दुसरीने पार्सल नेमके निवडले होते.

ही सेवा सुरू करण्याचा विचार करणाऱ्या रुग्णालयाने, कुरियर संस्थेने किंवा स्थानिक प्रशासनाने कोणत्या क्रमाने विचार करावा, हे पुढे मांडले आहे. यंत्र विकत घेणे या क्रमात बरेच उशिरा येते आणि ते तसेच असावे, असे माझे ठाम मत आहे.

आधी पार्सल निवडा

ड्रोनला छोटी मालगाडी समजण्याची चूक सर्रास होते. कुरियरची गाडी सकाळी शंभरावर पार्सले घेऊन निघते आणि एका दारापासून पुढच्या दारापर्यंत तिला काही मीटरच जावे लागते, त्यामुळे दर पार्सलामागे येणारे अंतर अगदी किरकोळ असते. ड्रोन एक, फार तर दोन पार्सले नेतो आणि प्रत्येक वेळी रिकामा परत येतो. दाट वस्तीत, सावकाश पोहोचले तरी चालणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत तो गाडीशी स्पर्धा करू शकत नाही आणि त्याने ती करूही नये.

त्याचे खरे क्षेत्र वेगळे आहे. वस्तू हलकी असावी, तिची निकड तासांत नव्हे तर मिनिटांत मोजावी लागत असावी, मागणी केव्हा येईल याचा अंदाज नसावा आणि रस्ता लांबचा, तुटणारा किंवा खोळंबणारा असावा. रक्ताला हे चारही निकष लागू पडतात. दुर्मिळ गटाचे रक्त प्रत्येक छोट्या दवाखान्यात साठवले तर त्यातले बरेचसे मुदत संपून वाया जाते आणि साठवले नाही तर नेमके गरजेच्या वेळी मिळत नाही. रवांडातील सेवेच्या अभ्यासात असे दिसले, की ड्रोनने रक्त सरासरी पन्नास मिनिटांच्या आत पोहोचले, रस्त्याच्या तुलनेत सव्वा तासाहून अधिक वेळ वाचला आणि वर्षभरानंतर मुदत संपून वाया जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण ६७ टक्क्यांनी घटले. मला यातला तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वेग वाढल्यामुळे साठा एकाच ठिकाणी ठेवणे शक्य झाले आणि सगळी व्यवस्थाच बदलली. सर्पदंशावरील लस, प्रयोगशाळेकडे जाणारे नमुने, बंद पडलेल्या यंत्राचा छोटा सुटा भाग या वस्तूही याच जातीच्या आहेत.

निवड अंदाजाने करू नये. किमान महिनाभर एक नोंदवही ठेवावी आणि तीत प्रत्येक पार्सलाचे वजन, लांबी-रुंदी-उंची, मागणीची वेळ, पार्सल बांधून तयार झाल्याची वेळ, ते निघाल्याची वेळ आणि ते हाती पडल्याची वेळ अशा स्वतंत्र नोंदी कराव्यात. ही वही पुष्कळदा धक्का देते. उशीर रस्त्यावर होतो असे सगळे धरून चालतात, पण तो सहीसाठी थांबलेल्या कागदात किंवा बांधणीच्या टेबलावर झालेला असतो. तसे आढळले तर ड्रोन घेऊन काहीही साधणार नाही. आधी टेबलावरचा खोळंबा दूर करावा.

वजन, बॅटरी आणि वारा यांचे गणित

हा भाग सावकाश वाचावा, कारण बहुतेक योजना इथेच फसतात. ड्रोन हवेत एका जागी तरंगत राहतो तेव्हा लागणारी शक्ती एकूण वजनाच्या दीडाव्या घातानुसार वाढते. समजा बॅटरी आणि दोन किलोच्या पार्सलासह यानाचे वजन १२ किलो आहे. पार्सल चार किलोंचे झाले तर एकूण वजन सुमारे १७ टक्क्यांनी वाढते, शक्ती मात्र सुमारे २६ टक्क्यांनी अधिक लागते. मोठी बॅटरी बसवून हा प्रश्न सुटेल असे वाटते, पण बॅटरीलाही वजन असते. लिथियम बॅटरीत दर किलोमागे साधारण १५० ते २५० वॅट-तास ऊर्जा मावते, तर पेट्रोलच्या एका किलोत सुमारे १२,००० वॅट-तास असतात. ही दरी मोठी आहे आणि जाहिरातीतील अंतराचे दावे वाचताना ती आठवावी.

आता एक उदाहरण सोडवून पाहू. वरील यानाला उडताना १५०० वॅट शक्ती लागते आणि बॅटरी १००० वॅट-तासांची आहे, म्हणजे कागदावर ४० मिनिटे मिळतात. बॅटरी पूर्ण रिकामी होऊ देणे धोक्याचे असल्याने चौथाई राखीव ठेवली, की ३० मिनिटे उरतात. वर चढणे, खाली येणे, पार्सल सोडणे आणि परत येऊन उतरणे यांसाठी सहा मिनिटे बाजूला काढावीत. उरलेल्या २४ मिनिटांत, सेकंदाला १५ मीटर वेगाने, यान २१.६ किलोमीटर जाते. जाऊन परत यायचे असल्याने सेवेची खरी त्रिज्या १०.८ किलोमीटर ठरते.

आता वारा मोजा. जाताना वारा समोरून आणि येताना पाठीमागून असल्याने हिशेब जमून जातो, असा समज आहे. तो चुकीचा आहे, कारण समोरच्या वाऱ्यात यान अधिक वेळ अडकून राहते. सेकंदाला ५ मीटरचा वारा असेल तर यान जाताना १० आणि येताना २० मीटर वेगाने सरकते आणि त्रिज्या ९.६ किलोमीटरवर येते. वारा ८ मीटरचा झाला तर ती ७.७ किलोमीटरपर्यंत आक्रसते. परतीच्या प्रवासात यान हलके असल्याने थोडी ऊर्जा वाचते; ती या हिशेबात धरलेली नाही आणि तुम्हीही धरू नये, कारण बॅटरी जुनी होते, थंडीत तिची क्षमता घटते आणि पार्सल सोडता न आल्यास ते वजन परतही आणावे लागते.

हे गणित झाल्यावर तुमच्या भागातील वर्षभराच्या वाऱ्या-पावसाच्या नोंदी मिळवाव्यात आणि यानाच्या मर्यादेपलीकडे हवामान गेले असे किती दिवस आणि किती तास होते ते मोजावे. तेवढ्या काळासाठी रस्त्याची पर्यायी सोय कायम ठेवावी लागेल. ज्या वस्तूवर प्राण अवलंबून आहेत तिच्यासाठी केवळ ड्रोनवर विसंबून राहणे मला अक्षम्य वाटते.

यानाचा प्रकार

त्रिज्या कळली की यानाचा प्रकार जवळपास आपोआप ठरतो. चार, सहा किंवा आठ पंखे फिरवून उडणारे यान कुठेही सरळ उभे चढते आणि उतरते, पण त्याची मजल काही किलोमीटरच असते. विमानासारखे स्थिर पंख असलेले यान हवेच्या आधारावर पुढे जात असल्याने कितीतरी दूर जाते. रवांडात वापरलेले यान सुमारे पावणेदोन किलो वजन घेऊन ८० किलोमीटर दूर जाऊन परत येऊ शकते, मात्र ते गोफणीसारख्या यंत्राने हवेत सोडावे लागते आणि परतल्यावर ताणलेल्या दोरात अडकवून थांबवावे लागते. तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला आहे. तो सरळ वर चढतो आणि मग पंखांवर पुढे सरकतो. घरोघरी जाणाऱ्या सेवांत तो अधिक दिसतो, पण त्याची रचना गुंतागुंतीची असल्याने दुरुस्तीही तशीच असते.

शेवटचे तीस मीटर

आकाशातील दहा किलोमीटर हा सोपा भाग आहे. तिथे खांब नसतात, कुत्री नसतात आणि कुतूहलाने धावत येणारी मुले नसतात. अडचणी सुरू होतात त्या जमिनीपासून तीस मीटरांच्या आत.

पार्सल जमिनीवर देण्याचे चार मार्ग रूढ आहेत. यान स्वतः उतरते. ते काही मीटरांवर तरंगत दोराने पार्सल खाली सोडते. ते उंचावरून कागदी किंवा कापडी पॅराशूटने पार्सल टाकते. किंवा कमी उंचीवरून पार्सल सरळ खाली सोडते. यान उतरले तर फिरते पंखे माणसांच्या उंचीवर येतात, म्हणून ही पद्धत फक्त कुंपण घातलेल्या, प्रशिक्षित माणूस हजर असलेल्या जागीच योग्य ठरते. उदाहरणार्थ, रुग्णालयाच्या गच्चीवर किंवा आवारात ती चालते. अमेरिकेतील रॅली शहरात मार्च २०१९ पासून यूपीएस ही कुरियर कंपनी आणि मॅटरनेट ही ड्रोन-कंपनी यांनी रुग्णालयाच्या परिसरात वैद्यकीय नमुने नेले, तेव्हा दोन्ही टोकांना ठरलेल्या जागा होत्या. पॅराशूटला मोकळे मैदान लागते आणि वारा असेल तर पार्सल भलतीकडे जाते. वरून सरळ सोडलेली वस्तू आपटते, त्यामुळे त्या पद्धतीत वस्तूंची निवड मर्यादित होते. घरगुती पोचेसाठी मला दोराची पद्धत सर्वांत सुरक्षित वाटते, पण तिच्यात एक अट आहे: दोर कशात अडकला तर यानाने तो तत्काळ सोडून दिला पाहिजे. ही सोय नसलेले यान घेऊ नये.

जागा निवडताना नकाशावर विसंबू नये. प्रत्यक्ष जाऊन उभे राहावे आणि वर पाहावे. विजेच्या तारा, केबल, झाडांच्या वाढत जाणाऱ्या फांद्या आणि नव्याने उभ्या राहणाऱ्या क्रेन उपग्रहाच्या जुन्या छायाचित्रात दिसत नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात पार्सल घेऊन निघालेले विंग कंपनीचे ड्रोन वीजवाहिनीवर उतरले आणि सुमारे दोन हजार ग्राहकांचा वीजपुरवठा काही काळ बंद पडला. उंच इमारतींच्या मधोमध जीपीएसचे संकेत भिंतींवरून परावर्तित होऊन येतात आणि स्थान काही मीटरांनी चुकते. शिवाय स्लॅबमधील लोखंडी सळ्यांमुळे होकायंत्र भरकटते. म्हणून केवळ उपग्रहावर अवलंबून न राहता जमिनीवरील ठळक खुणेची पाटी कॅमेऱ्याने ओळखून उतरणारी प्रणाली असावी. पक्ष्यांचाही विचार करावा. २०२१ मध्ये कॅनबेराच्या एका उपनगरात विणीच्या काळात कावळ्यासारख्या रेव्हन पक्ष्यांनी ड्रोनवर हल्ले केल्यामुळे तेथील सेवा थांबवावी लागली होती. घरट्यांच्या दिवसांत मार्ग बदलण्याची तयारी ठेवावी.

बहुमजली इमारतींचा प्रश्न अजून नीट सुटलेला नाही. बाल्कनीपाशी यान आणणे धोक्याचे आहे आणि घरोघरी अंगण नसते. अशा ठिकाणी सर्व रहिवाशांसाठी मिळून एकच पोच-जागा ठरवावी, तिथे कुलूपबंद कप्पे ठेवावेत आणि पार्सल मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक टाकूनच बाहेर काढता यावे. यात ग्राहकाला चार पावले चालावे लागते. ती गैरसोय मान्य करावी.

बांधणीबद्दल थोडेसे. खोक्याचे वजनही बॅटरीच खर्च करते, म्हणून ते हलके पण ताठ असावे. आतील वस्तू हलून गुरुत्वमध्य सरकता कामा नये, कारण मग यानाचे एका बाजूचे पंखे अधिक राबतात. द्रवपदार्थ अर्धवट भरलेल्या बाटलीत देऊ नयेत. रोगनमुने असतील तर गळतीरोधक आतली कुपी, ओलावा शोषणारे आवरण आणि टणक बाहेरचे वेष्टन अशी तिहेरी बांधणी करावी, म्हणजे यान कोसळले तरी संसर्ग पसरणार नाही.

परवानगीचा मार्ग

नियम देशागणिक वेगळे आहेत, पण त्यांचा सांगाडा बराचसा सारखा आहे. सर्वसाधारण परवानगीत ड्रोन जमिनीपासून सुमारे १२० मीटरांच्या खाली आणि चालकाच्या नजरेच्या टप्प्यात उडवावा लागतो. अमेरिकेतील आणि युरोपीय संघातील मूळ नियम असेच आहेत. पार्सलसेवा नजरेच्या टप्प्यात राहून चालणे शक्य नाही, म्हणून तिला विशेष परवानगी लागते आणि मोबदला घेऊन माल नेण्यासाठी बहुधा हवाई वाहतूक संस्थेसारखे प्रमाणपत्रही लागते. विंगला अमेरिकेत असे प्रमाणपत्र एप्रिल २०१९ मध्ये मिळाले आणि तिथे ते मिळवणारी ती पहिली ड्रोन-कंपनी ठरली.

अर्ज करताना यंत्राच्या गुणांचे वर्णन पुरेसे नसते. तुमच्या मार्गाखाली किती माणसे असतात, त्या हवेत दुसरी कोणती विमाने किंवा हेलिकॉप्टरे येतात, ती आली तर तुम्हाला कसे कळणार आणि तुम्ही काय करणार, या प्रश्नांची उत्तरे पुराव्यासह द्यावी लागतात. म्हणून विमान वाहतूक प्राधिकरणाशी पहिली भेट यान घेण्याआधी घ्यावी. जवळ रुग्णवाहिका-हेलिकॉप्टर, शेतावर फवारणी करणारी विमाने किंवा विमानतळाचा चढ-उताराचा मार्ग असेल तर तुमचा मार्गच बदलावा लागेल आणि त्यासोबत वरचे सगळे गणितही.

बिघाड होणारच, हे धरून चाला

दहा किलोचे यान साठ मीटरांवरून पडले, तर हवेचा विरोध न धरता ते जमिनीवर ताशी सुमारे १२३ किलोमीटर वेगाने आदळते. हा आकडा नियंत्रण कक्षातील प्रत्येकाला पाठ असावा, असे मला मनापासून वाटते. स्वित्झर्लंडच्या टपाल खात्याची, मॅटरनेटच्या यानांनी चालणारी सेवा हजारो उड्डाणे निर्वेध पार पाडून नावाजली होती. जानेवारी २०१९ मध्ये तिचे एक यान झुरिकच्या सरोवरात उतरले. त्या वेळी संकटकालीन पॅराशूट उघडले होते. मे महिन्यात दुसरे यान पडले तेव्हा पॅराशूटही उघडले, पण त्याचा दोर तुटला आणि यान लहान मुलांच्या घोळक्यापासून काही अंतरावर कोसळले. कुणाला इजा झाली नाही. सेवा मात्र थांबवावी लागली. सुरक्षेसाठी बसवलेली वस्तूच निकामी होऊ शकते, हे त्या दोराने दाखवले. पॅराशूट बसवल्याचे प्रमाणपत्र पाहून समाधान मानू नये. प्रत्यक्ष यानावर, पूर्ण वजनासह, ते किती उंचीखाली उपयोगी पडत नाही हेही विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

प्रत्येक मार्गासाठी चार प्रसंगांची उत्तरे आधीच ठरवून यानात भरून ठेवावीत: संपर्क तुटला तर, जीपीएस गेले तर, बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर उतरू लागली तर आणि एखादी मोटर बंद पडली तर. संपर्क तुटल्यावर यानाने सरळ रेषेत परत फिरावे ही सूचना अनेकदा घातक ठरते, कारण त्या सरळ रेषेत टेकडी किंवा शाळा असू शकते. त्याऐवजी दर दोन-तीन किलोमीटरांवर निर्मनुष्य, सपाट अशा संकटकालीन जागा निश्चित कराव्यात आणि मार्ग शक्यतो नदीपात्र, शेते, मोकळी राने यांच्यावरून न्यावा. तो थोडा लांबला तरी चालेल. संपर्कासाठी एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन मार्ग ठेवावेत. एकाच मोबाइल मनोऱ्यावर चालणारी दोन सिमकार्डे म्हणजे दोन मार्ग नव्हेत.

खालच्या माणसांची संमती

आवाजाचा प्रश्न तांत्रिक बैठकांत शेवटी येतो आणि प्रत्यक्षात सेवा बंद पाडतो. २०१८ मध्ये कॅनबेराच्या बोनिथन उपनगरात विंगची चाचणी सुरू असताना रहिवासी आवाजामुळे इतके त्रासले, की त्यांनी विरोधासाठी संघटना उभी केली. कंपनीने पुढे कमी आवाजाचे पंखे तयार केले. एका यानाचा आवाज मोटारीपेक्षा मोठा नसेलही, पण त्याची किरकिरी पट्टी सतत बदलते आणि ती डोक्यावरून येत असल्याने कानाला सवय होत नाही. अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो, म्हणून शक्य तितक्या उंचावरून जावे, खाली येण्याचा वेळ कमीत कमी ठेवावा आणि रोज एकाच घरावरून मार्ग नेऊ नये. ज्यांना पार्सल मिळत नाही पण आवाज मात्र ऐकावा लागतो, त्यांच्याशी आधी बोलावे. त्यांचा राग रास्त असतो.

कॅमेऱ्याबाबतही स्पष्ट असावे. उतरण्यासाठी लागणारी चित्रे यानातच वापरून पुसली जातात की साठवली जातात, कोण पाहू शकते आणि किती दिवस, हे लेखी जाहीर करावे. शक्य असेल तर ती साठवूच नयेत.

खर्च

यानाची किंमत सर्वांच्या डोळ्यांत भरते, पण खर्चाचा मोठा वाटा माणसांचा असतो. एका फेरीला वीस मिनिटे आणि बॅटरी बदलणे व पार्सल चढवणे यांना दहा मिनिटे धरली, तर आठ तासांत एक यान सोळा फेऱ्या करते. त्या सोळा पार्सलांसाठी एक माणूस दिवसभर पडद्यापुढे बसणार असेल तर दुचाकीवरचा माणूस स्वस्त पडतो. एका व्यक्तीने अनेक यानांवर देखरेख करण्याची परवानगी मिळेपर्यंत ही सेवा निव्वळ नफ्यावर चालणे अवघड आहे, म्हणून सुरुवातीची वर्षे कोण सोसणार हे आधी ठरवावे. बॅटऱ्या काही शे वेळा भरल्यानंतर बदलाव्या लागतात, विम्याचा हप्ता असतो आणि दुरुस्तीच्या काळासाठी एक यान जादा लागते; हे तिन्ही खर्च पहिल्या अंदाजपत्रकात हटकून राहून जातात.

पहिले पार्सल निघण्याआधी

सुरुवात रिकाम्या यानाने, नजरेच्या टप्प्यात करावी. त्यानंतर पार्सलाइतक्याच वजनाची वाळूची पिशवी खोक्यात बांधून खऱ्या मार्गावर, परवानगीनुसार, वेगवेगळ्या वेळी आणि वाऱ्यात उड्डाणे करावीत. प्रत्येक उड्डाणानंतर बॅटरीत किती ऊर्जा उरली ते लिहावे आणि कागदावरच्या गणिताशी ताडून पाहावे. फरक दहा टक्क्यांहून अधिक आला तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. मधूनमधून मुद्दाम संपर्क तोडून यान ठरलेल्या संकटकालीन जागी उतरते का, तेही पाहावे. उड्डाण रद्द करण्याचा अधिकार कक्षातील सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्यालाही असावा आणि तो वापरल्याबद्दल त्याला जाब विचारला जाऊ नये. वाळूची पिशवी सलग काही आठवडे न चुकता पोहोचली, की त्याच खोक्यात पहिल्यांदा तातडीची नसलेली एखादी खरी वस्तू ठेवावी आणि त्याच वेळी तशीच दुसरी वस्तू देऊन एक माणूस रस्त्यानेही रवाना करावा.